प्रकल्प नोंदी: चार फलक, पाच पेट्या आणि निरोपांचा पूर

२५ मे २०२५

या वर्षी पावसाने मेमध्येच गाठलं. सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या) पेटीचं झाकण सिलिकॉनने बंद करायचं राहिलं होतं, ते आज भर पावसात छत्री मानेत धरून केलं. आता रेडिओने निरोप नेणाऱ्या पाचही पेट्या चालू आहेत. हर्णै, मुरूड, अंजर्ले आणि केळशी इथे एकेक फलक, आणि आसूदच्या वरच्या सड्यावर नुसती पुढे ढकलणारी पेटी. सड्यावर सोलर, बाकी चौघी घरच्या लाईटवर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब पडले, टॉवर बंद झाले आणि दापोलीतून हर्णैला निरोप द्यायचा तर माणूस पाठवावा लागत होता. तेव्हापासून हे डोक्यात होतं. लोराचा (कमी विजेत लांबवर पोचणारा) रेडिओ, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा (इथे परवाना लागत नाही), वर मेशटॅस्टिक (पेट्यांना एकमेकींचे निरोप पुढे द्यायला लावणारा प्रोग्रॅम), आणि त्याच्यावर मी लिहिलेला साधा फलक. पेटीच्या वायफायला फोन जोडायचा, निरोप लिहायचा, तो चारही गावांच्या फलकावर चढतो. सध्या तीन रकाने आहेत: बावटा (हवामान), बाजार (मासळी, बर्फ, डिझेल) आणि पार (गप्पा).

२७ मे

सकाळी सव्वासातला केळशीच्या बाईंचा फोन. "अहो, तुमचा फलक खुळावलाय. कोलंबीचा भाव एकवीस वेळा आलाय. आणि तोही गेल्या गुरुवारचा."

दापोलीतली दोन कॅमेऱ्यांची कामं पुढे ढकलून लॉग उघडला. रात्री दोननंतर हवा, म्हणजे रेडिओचा पट्टा, सतत भरलेली. हर्णै बोलतंय, मुरूड बोलतंय, सडा दोघांवर बोलतोय. एक निरोप थांबत नाही तोच दुसरा. पहाटे कुणी खरोखर मदत मागितली असती तर ती या गोंगाटात गेली असती.

तूर्तास अंजर्ले सोडून सगळ्या पेट्या बंद केल्या. अंजर्ल्याला फोन लागेना.

२९ मे

कारण सापडलं. लाजिरवाणं आहे.

प्रत्येक पेटी "हा निरोप मी पाहिलाय" अशी यादी ठेवते. ती यादी मी मेमरीत ठेवली होती, कार्डावर नाही. अंजर्ल्याला २६ च्या रात्री लाईट अकरा वेळा गेली-आली. प्रत्येक वेळी पेटी कोऱ्या डोक्याने उठली, स्वतःकडचे साठवलेले निरोप तिला नवे वाटले, आणि तिने ते नवा क्रमांक देऊन पुढे पाठवले. बाकीच्यांनी नवा क्रमांक बघून मुकाट्याने साठवले आणि पुढे ढकलले.

"फार जुना निरोप पाठवू नये" असा नियमही होता. तो का चालला नाही? तर पेटीत घड्याळाची बॅटरी नाही. इंटरनेट नसताना ती उठली की तिच्या मते तारीख असते १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. त्या हिशोबाने गेल्या गुरुवारची कोलंबी पंचावन्न वर्षांनी यायची आहे. जुनी कशी ठरणार?

दिवसभर लोकांना इन्व्हर्टर बसवून देतो आणि स्वतःच्या पेटीला बॅटरी नाही. घरी हे सांगितलं नाही.

१ जून

आजपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या, जाळी माळ्यावर गेली. फलकावरची वर्दळ आपोआप कमी झाली. दोन महिने हातात आहेत.

आज फक्त हिशोब केला. मेशटॅस्टिकच्या नेहमीच्या लाँग फास्ट सेटिंगवर भरलेलं पाकीट, म्हणजे दोनशे बाइटचा निरोप, हवेत जवळजवळ दोन सेकंद असतं. पाच पेट्यांनी तो एकेकदा उच्चारला तर दहा सेकंद. त्या वेळात त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, बोललं तर दोन्ही निरोप वाया. तासाला ३६० निरोप हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात हवा २५ टक्क्यांच्या वर भरू द्यायची नसते, म्हणजे नव्वदच. चार गावं, तासाला नव्वद.

त्यात आपली लिपी. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटात साठवायची नेहमीची रीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काने-वेलांट्या आणि पायमोडका हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. नुसत्या "नमस्कार"ला २१ बाइट. दोनशे बाइटात साधारण सहासष्ट चिन्हं बसतात. म्हणून आमच्या लोकांचे निरोप दोन-दोन, तीन-तीन पाकिटांचे होतात. रोमन अक्षरांत लिहा असं सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

४ जून

आणखी एक माझीच चूक. पाचही पेट्यांना मी हौसेने "राउटर" केलं होतं. नाव भारी वाटलं.

मेशटॅस्टिकची मूळ युक्ती चांगली आहे. पाकीट ऐकलं की प्रत्येक पेटी थोडं थांबते. ज्याला आवाज क्षीण आला, म्हणजे जो बहुधा लांब आहे, तो कमी थांबतो आणि आधी बोलतो. ज्याला खणखणीत ऐकू आलं तो जास्त थांबतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याने तेच पाकीट पुढे दिलेलं कानावर आलं की गप्प बसतो. खाडीपल्याड हाक पोचवायची तर वाडीतल्या शेवटच्या घराने ओरडायचं, पहिल्या घराने परत ओरडून काय उपयोग? राउटर मात्र गप्प बसत नाही, ऐकलं की बोलतोच. पाच राउटर म्हणजे लग्नाच्या पंगतीत पाच वाढपी एकाच ताटावर.

आता फक्त सडा राउटर, बाकी चौघी साध्या. टप्प्यांची, म्हणजे निरोप किती वेळा पुढे द्यायचा त्याची, मर्यादाही ७ वर ठेवली होती (तेवढीच कमाल आहे), ती मूळच्या ३ वर आणली. केळशी ते मुरूड तीन टप्प्यांत पोचतं, तपासलं.

९ जून

पाहिलेल्यांची यादी कार्डावर गेली. निरोपाचा क्रमांक आता जन्मगावाचा: अंजर्ल्यात लिहिलेला अठ्ठ्याहत्तरावा निरोप म्हणजे अ-७८, तो कुठेही गेला तरी अ-७८च. दुसऱ्या पेटीने त्याला नवीन क्रमांक द्यायचा नाही. घड्याळाचं वर्ष २०२५ च्या आधीचं दिसलं तर पेटीने फक्त ऐकायचं, शेजारणीकडून वेळ मिळेपर्यंत स्वतःहून काही पाठवायचं नाही. अंजर्ल्याला बॅटरीही बसवली. तिथल्या काकांनी विचारलं, "ही आधी का नव्हती?" चहा पिऊन निघालो.

शिवाय निरोप ज्या ज्या पेटीतून गेला तिचं अक्षर त्याच्या शेपटीला लागतं: के-अ-स-ह. ज्याचं अक्षर शेपटीत आहे त्याच्याकडे परत द्यायचं नाही. ही अक्कल माझी नाही. यूजनेट (संगणकांवरच्या चर्चागटांचं जुनं जाळं) १९७९-८० पासून हेच करत आलं, तिथे निरोपाच्या माथ्यावर वाटेतल्या यंत्रांची नावं उद्गारचिन्हांनी जोडलेली असत. टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये सुरू केलेल्या फिडोनेटवरही (घरोघरच्या संगणकी फलकांचं जाळं) सार्वजनिक निरोप सुरू झाल्यावर तळाशी "यांनी पाहिलाय" अशी ओळ आली. ते लोक रात्री फोनचे दर उतरल्यावर मोडेमने एकमेकांना फोन लावायचे, तिथे दुबार निरोप म्हणजे सरळ बिल. आमच्याकडे बिल हवेचं.

१४ जून

क्रमांकाचं गाडं रुळावर आलं तर मजकुराचं अडलं.

हवामान खात्याचा इशारा आला की चार गावांतले चार उत्साही तो आपापल्या फोनवरून चढवतात. क्रमांक चार, मजकूर एकच. म्हणून बावट्यावर मजकूर ताडून दुबार गाळायचं ठरवलं. करून बघितलं, आणि एकच इशारा दोनदा आला. डोळ्यांनी बघतोय, अक्षर न् अक्षर सारखं, आणि यंत्र म्हणतंय वेगळं.

बाइट काढून मोजले. पहिला फरक "वाऱ्याचा" या शब्दात. एकात २४ बाइट, दुसऱ्यात २७.

आपला हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत पायाखाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही "वाऱ्याचा", पोटात वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची रीत) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, लावून बघितलं. "ॲप"चंही तेच: एक सबंध ॲ, दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला. आणि अंक कुणी ३ लिहितो, कुणी इंग्रजी आकडा वापरतो.

किनारपट्टीवर हवामानाचे निरोप लिहायचे आणि वाऱ्याचा, किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्याने हेच शब्द टाळायचे, असं कसं चालेल? ताडण्यापुरती एक प्रत करायची ठरवलं: तिच्यात सगळे अर्धे ऱ एकसारखे, अंक एकसारखे, मोकळ्या जागा, टिंबं आणि फुलांची चित्रं काढून टाकलेली. ताडायचं त्या प्रतीवर, फलकावर लावायचा मूळ निरोप. रात्री साडेबारापर्यंत बसलो. वीस ओळींचं काम होतं.

२३ जून

आज स्वतःच्या हाताने पूर आणला.

कुणी फार भराभर लिहायला लागलं तर पेटीने त्याला "जरा दमाने" असा निरोप पाठवावा, अशी सोय काल घातली. तपासणीसाठी मुरूडहून दहा निरोप एकामागून एक टाकले. हर्णैने सांगितलं, जरा दमाने. सड्यानेही सांगितलं. मुरूडच्या पेटीला वाटलं, ही हर्णै आणि सडा फारच बोलताहेत, म्हणून तिने दोघींना सांगितलं, जरा दमाने. पुढचं लिहायला नको.

याचा थोरला भाऊ १९९३ च्या मार्चमध्ये यूजनेटवर होऊन गेलाय. रिचर्ड डेप्यू नावाच्या गृहस्थाने नको ते लेख आपोआप रद्द करणारा प्रोग्रॅम लिहिला, तो स्वतःच्याच लेखांवर उत्तरं देत सुटला आणि एका गटात दोनशेच्या आसपास निरोप ओतून मोकळा झाला. दरवेळी शीर्षक एकेक शब्दाने लांब. हे मी वाचलेलं होतं. वाचूनही केलं.

नियम लिहून भिंतीवर चिकटवला: यंत्राच्या निरोपाला यंत्राने उत्तर द्यायचं नाही. "जरा दमाने" आता फक्त त्या माणसाच्या पडद्यावर दिसतं, हवेत जात नाही.

६ जुलै, आषाढी

सकाळी सातपासून "आषाढी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा". विठ्ठलाचं चित्र पाठवता येत नाही म्हणून कुणी कंस आणि तारे जोडून विठ्ठल काढलाय, चार पाकिटांचा. छान आला होता, खोटं कशाला बोलू.

हे निरोप दुबार नाहीत, खोडसाळही नाहीत. कुणाला काय म्हणायचं? तरी सकाळी साडेनऊला हवा ३४ टक्के.

रांजणाचा हिशोब घातला. प्रत्येक फोनच्या रांजणात सहा निरोप. लिहिला की एक कमी, दर वीस मिनिटांनी एक भरतो. रांजण रिकामा झाला की निरोप घेतला जात नाही. पारासाठी आणि बाजारासाठी हाच नियम. बावट्यावर लिहायची मुभा चौघांनाच आहे, त्यांना मर्यादा नाही.

यूजनेटवर सेठ ब्राइडबार्टचं एक सूत्र होतं: निरोपाची प्रत्येक प्रत किती गटांत टाकली त्याचं वर्गमूळ काढायचं आणि सगळ्या प्रतींची बेरीज करायची. पंचेचाळीस दिवसांत बेरीज २० च्या पुढे गेली की तो रद्द करण्याजोगा. चार-चार गटांत टाकलेल्या नऊ प्रती म्हणजे नऊ गुणिले दोन, अठरा, म्हणजे काठावर. हुशार सूत्र आहे. त्यात मजकुराकडे बघायचंच नाही, फक्त किती वेळा ओरडलात ते बघायचं. पण आमचे रकाने तीन, त्यामुळे रांजण पुरे.

१५ जुलै

काही नाही. सड्यावर शेवाळ, दोनदा घसरलो. पॅनल पुसलं.

३ ऑगस्ट

बंदी उठली. काल संध्याकाळी हर्णैला जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

एका छोट्या होडीचं इंजिन सुवर्णदुर्गाच्या बाहेर बंद पडलं. नांगर टाकून उभी होती, माणसं ठीक होती, पण अंधार पडत आलेला आणि भरती उलटायची होती. गावात लाईट नव्हती आणि मोबाईलची रेंजही. अंजर्ल्याच्या खाडीत ओढून आणायला चालेल अशी मोठी होडी उभी होती. तांडेल (होडीवरचे प्रमुख) फलकाच्या पेटीपाशी आले आणि अंजर्ल्याला निरोप लिहिला.

सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी पहिला. मग तोच पुन्हा. पुन्हा. सहा वेळा तोच. सातव्यांदा त्यांनी महत्त्वाचं लिहिलं: दोर लांब आणा, आमच्याकडचा तुटलाय. सातवा निरोप पेटीने घेतला नाही. रांजण रिकामा. घेतला नाही हे पडद्यावर एका करड्या ओळीत लिहून आलं होतं म्हणे. ओल्या हाताने, उन्हाळ्यात फुटलेल्या काचेवर, ती कोण वाचणार?

होडी आली, दोर आखूड पडला, परत जाऊन आणला. सगळे साडेनऊला किनाऱ्याला लागले. कुणाला काही झालं नाही.

तांडेल आज सकाळी दुकानात आले. बसले नाहीत. "तुझ्या पेटीला तोंड आहे की नाही? नाही म्हणायचं तर नाही म्हण. पोचलं तर पोचलं म्हण. मी काय भिंतीला सांगत होतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. होतं ते लॉगमध्ये, आणि ते जास्त वाईट होतं. पहिला निरोप चौदा सेकंदांत अंजर्ल्याला पोचला होता. काकांनी तो वाचला आणि छत्री घेऊन खाडीकडे चालायलाही लागले. पुढचे पाच निरोप लागले, कारण हे हर्णैला कुणी सांगितलं नाही.

५ ऑगस्ट

मेपासूनचा लॉग परत चाळला, आता वेगळ्या नजरेने. एकाच फोनवरून दहा मिनिटांच्या आत तोच मजकूर परत, असे किती? लागोपाठ पानं उलटली तेव्हा दिसलं की यंत्राच्या चुका सोडल्या तर माणसांच्या गर्दीतला मोठा भाग हाच आहे. बर्फाची गाडी निघाली का. निघाली का. अहो निघाली का. मी दोन महिने यांना अडवण्याचे मार्ग शोधत होतो, आणि ते एवढंच विचारत होते: ऐकू आलं का?

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सकाळी हर्णैला नारळ सोडले. दुपारी बसून पोच घातली.

निरोप फलकावर चढला की त्या गावाची पेटी अर्ध्या सेकंदाचं छोटं पाकीट उलट पाठवते. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर निरोपाखाली मोठी अक्षरं उमटतात: "पोचला: अंजर्ले, मुरूड". कुणी उघडून वाचला तर "वाचला". पोचेला पोच नाही (भिंतीवरचा कागद). चार गावांच्या पोची सड्यावर गोळा होऊन एकदाच जातात. रांजण रिकामा असेल तर आता सबंध पडदा लाल होतो आणि विचारतो, "अडचणीचा निरोप आहे?" हो म्हटलं की जातो. दिवसातून दोनदाच. खोटं बोललं तर? बोलोत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

तांडेलांना दाखवलं. त्यांनी निरोप लिहिला, "नारळ सोडला का". बारा सेकंदांनी अंजर्ले उमटलं. काचेवर बोट ठेवून बघत राहिले. म्हणाले, "आता ठीक." मग दुसरा निरोप लिहिला नाही.

२० ऑगस्ट

दोन-तीन दिवस धो धो. बावट्यावर तीन नंबरचा इशारा लागल्याचा निरोप चौघांनी टाकला, लागला एकदाच. दोघांचा ऱ एक, दोघांचा दुसरा. मला हसू आलं, घरी कुणाला कळेना का.

२८ ऑगस्ट

काल गणपती आले. चाकरमानी रविवारपासूनच गावात, म्हणजे फलकाला तिप्पट फोन जोडलेले. याच दिवसाची मला मेपासून धास्ती होती.

पारावर एक नवीन गोष्ट घातली होती. सारखाच मजकूर अनेकांनी लिहिला तर एकच पाकीट जातं आणि खाली आकडा वाढतो. "गणपती बाप्पा मोरया, ६१ जणांकडून." हवा काल दिवसभरात १९ टक्क्यांच्या वर गेली नाही. मध्येच केळशीहून बाजारात विचारणा आली, दूर्वा शिल्लक आहेत का. एकदाच. खाली "वाचला: मुरूड", आणि दोन मिनिटांनी उत्तर.

तक्रार एकच, मुरूडच्या आजींची. "मी मोरया लिहिलं, ते कुठे दिसतच नाही." आकड्यात आहे म्हटलं. "आकडा काय करायचाय? माझ्या बहिणीला केळशीत कळायला नको का, की मी लिहिलं?"

बरोबर आहे त्यांचं. एकसष्ट नावं पाठवायची तर पुन्हा चार-पाच पाकिटं. नावांऐवजी फोनचा एक-एक बाइटचा क्रमांक पाठवला आणि नावांची यादी प्रत्येक पेटीत आधीच ठेवली तर ६१ बाइटांत भागेल. पण चाकरमान्यांचे फोन यादीत नाहीत. गौरी गेल्यावर बघू.

सड्यावरची बॅटरी ३.५ व्होल्टवर आली आहे, आठवडाभर ऊन नाही. उद्या आरतीच्या आधी वर जायचं. अंजर्ल्याच्या काकांचा निरोप आहे: येताना पिशवी आण, नारळ काढून ठेवलेत. मी "येतो" लिहिलं. वाचला, अंजर्ले.